वर्क फ्रॉम होमला 'नाही' आलं, मग राजीनामा, बिनपगारी रजा की तसंच रुजू? मी काय काय ताडून पाहिलं

बाळंतपणाची रजा संपायला बारा दिवस होते तेव्हा मेल टाकला होता, आठवड्यातले तीन दिवस घरून काम द्या म्हणून. उत्तर दोन ओळींचं आलं, बिझनेस रिक्वायरमेंटमुळे शक्य नाही. फोन केला तर एचआरची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, तुम्हाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल ना मॅडम. लेक तेव्हा साडेपाच महिन्यांची, घर डोंबिवलीत, ऑफिस अंधेरी एमआयडीसीत. त्या रात्री मी आणि नवरा वहीचं पान मधोमध दुमडून बसलो आणि जे जे लिहिलं ते इथे टाकतेय, कारण तेव्हा मला जो तो एकच सल्ला देत होता, 'सोड गं नोकरी' नाहीतर 'नोकरी अजिबात सोडू नकोस'. दोन्ही शेजारीशेजारी ठेवून कोणी दाखवत नव्हतं.

आधी कायद्याचं, कारण माझा मोठा गैरसमज तिथेच होता. मला वाटायचं घरून काम हा हक्क आहे आणि यांनी तो डावललाय. तसं नाहीये. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला बदल झाला तेव्हा पहिल्या दोन बाळांसाठी रजा २६ आठवडे झाली आणि घरून कामाचं कलमही तेव्हाच आलं, पण ते म्हणतं काय तर कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालक व बाई दोघांचं जमलं तर देता येईल. देता येईल, द्यावंच लागेल असं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय, पण ही ओळ तशीच आहे. म्हणजे नुसत्या नकारावर तक्रार करून हातात काही पडत नाही. तक्रारीला दम कधी, तर रजेवर असताना काढून टाकलं, आपल्या पाठीमागे सेवेच्या अटी आपल्या तोट्याच्या केल्या, रजेचा पगार बुडवला, किंवा ५० किंवा जास्त माणसं असून पाळणाघराची सोयच नाही. असं काही असेल तर तुमचा रस्ता वेगळा, खालचं सगळं सोडा आणि आधी लेबर ऑफिस गाठा.

(माझी नणंद इंग्लंडात असते, तिकडे एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असा अर्ज करता येतो, वर्षात दोनदा, कंपनीने दोन महिन्यांत निकाल द्यायचा आणि नाही म्हणायचं तर कायद्यातल्या आठ कारणांपैकी एक द्यायचं. तरी तिच्या मैत्रिणीला नकार आलाच. पण निदान कारण कागदावर आलं. आपल्याकडे तो कागद आपणच तयार करून घ्यायचा.)

आता राजीनामा. सगळ्यात मोकळं वाटतं ते हेच, पण माझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस पिरियड ९० दिवसांचा. म्हणजे पेपर टाकला तरी तीन महिने त्याच लोकलने त्याच ऑफिसला जायचंच, नाहीतर तेवढा पगार भरून द्यायचा! हे कळल्यावर मी थंडच झाले. त्यात माझी साडेचार वर्षं झालेली, पर्मनंट नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच लागतात. ग्रुप इन्शुरन्समध्ये नुकतंच लेकीचं नाव घातलेलं, तोही नोकरीबरोबर जाणार. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर नव्या कंपनीत डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं, तरच रजेचा पगार. ज्यांच्या बाळाला खरंच घरची गरज आहे, तब्येतीचं काही आहे, किंवा ज्यांच्या हातात दुसरी ऑफर लेखी आहे त्यांनी जरूर सोडावी. फक्त रागाच्या भरात नको, नकार आल्यापासून पंधरा दिवस तरी जाऊ द्या.

बिनपगारी रजा मला आधी फार आवडली होती. तीन महिने अजून, बाळ वरणभात खायला लागेल, मग जाऊ. पण आमचा होम लोनचा हप्ता माझ्या अकाउंटवरून जातो, आणि तीन महिन्यांनी लोकल तीच, साहेब तेच. प्रश्न पुढे ढकलला जातो, सुटत नाही. हो, घरात कोणी येणार असेल, समजा आई गावाहून मार्गशीर्ष आटोपून येणारे, तर मधली फट भरायला उत्तम.

तसंच रुजू व्हायचं तर बाळ कुठे हा प्रश्न, आणि इथे मुंबईचं गणित बाहेरच्यांना कळत नाही. आमच्या ऑफिसला पाळणाघराची सोय आहे, कागदावर. कायद्याप्रमाणे दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन येता येतं. छान. पण सहा महिन्यांचं बाळ घेऊन सकाळी डोंबिवलीहून घाटकोपर आणि तिथून मेट्रो? लेडीज डब्यात मला स्वतःला एक पाय ठेवायला मिळतो, दुसरा ठाणे गेल्यावर टेकतो. अंधेरीत किंवा रिक्षाच्या अंतरावर राहणारीला ऑफिसचं पाळणाघर म्हणजे सोनं आहे, तिने डोळे मिटून घ्यावं. आमच्यासारख्यांना घराजवळचंच. सोसायटीच्या मागच्या गल्लीतल्या काकू महिन्याला ८ हजार घ्यायच्या, संध्याकाळी सातपर्यंत, सातनंतर त्या काही बोलायच्या नाहीत पण बाळाची बॅग भरून दारात ठेवायच्या. सासूबाई आहेत, पण त्यांचे गुडघे आणि दहा तास उचल-ठेव, हे मलाच बरं वाटेना.

मी हेच केलं, रुजू झाले. पहिला आठवडा सांगते. दुपारी स्टोअररूममध्ये फायलींच्या मधे बसून पंप करायचं, बाटली डब्याच्या पिशवीत बर्फाच्या पॅकशेजारी. गुरुवारी गाडी दिव्याच्या अलीकडे वीस मिनिटं उभी, शेजारणीच्या कडेवरचं पोर रडलं आणि माझा कुडता पुढून भिजला. ओढणी पसरली. समोर बसलेल्या अनोळखी बाईंनी काही न बोलता उठून जागा दिली. मी पोचले तेव्हा सव्वाआठ, बॅग दारात.

त्या दिवशी डोक्यात पडलं की मला घरून काम नकोच आहे मुळात, मला ती गाडी नकोय. साडेनऊ ते साडेसहाच्या ऐवजी आठ ते पाच मिळालं तर सकाळी गर्दीच्या आधी निघता येतं आणि काकूंच्या सातच्या आत परत. आणि हे साहेबांना 'सगळ्यांना द्यावं लागेल' म्हणून नाकारता येत नाही, कारण सकाळी आठला यायला सगळे तयार कुठे आहेत!

म्हणून माझ्या मते या सगळ्यांच्या आधी पुन्हा मागायचं, पण कमी मागायचं आणि लेखी. माझ्या दुसऱ्या मेलमध्ये एवढंच होतं: वेळ आठ ते पाच, तीन महिन्यांपुरती ट्रायल, साडेपाचनंतर कोणाचा कॉल आला तर कोण घेईल त्याचं नाव (तिला आधी विचारून, तिच्या शनिवारच्या बदल्यात), आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कायद्याने बाळाला दूध पाजायला जे दोन नर्सिंग ब्रेक मिळतात ते माझं बाळ डोंबिवलीत असल्याने मला वापरता येत नाहीत, तर ते संध्याकाळी जोडून द्यावेत ही विनंती. जोडून मिळणं हा हक्क नाही, पण ती ओळ वाचून एचआरने पहिल्यांदा मला स्वतःहून फोन केला. शेवटी लिहिलं की शक्य नसेल तर कारण कृपया मेलवर कळवावं. भाषा अगदी नम्र, कायद्याची कलमं फेकली नाहीत, ती हाताशी ठेवायची.

हे सगळ्यांना चालेल असं नाही. शाळेत शिकवणारी, हॉस्पिटलमध्ये शिफ्टवाली, कॅश काउंटरवर बसणारी, यांना वेळ हलवून मिळणं कठीण, त्यांनी शिफ्टची अदलाबदल किंवा घराजवळच्या ब्रँचला बदली मागून पाहावी, घरून कामापेक्षा ते लवकर मिळतं असं आमच्या बँकवाल्या शेजारणीचा अनुभव. आणि साहेबच तुम्हाला घालवायला टपलेला असेल तर ट्रायल मागून काही होत नाही, तिथे प्रत्येक गोष्ट मेलवर ठेवा आणि बाहेर शोधायला लागा, नोकरीत असताना.

ब्रेक जोडून मिळाले नाहीत. आठ ते पाच मिळालं, ऑक्टोबरपासून तीन महिने. पहिला महिना साहेब रोज पाचला घड्याळ बघायचे, मग कंटाळले. ट्रायल डिसेंबरअखेर संपली, त्यावर त्यांनी काही मेल केला नाही, मीही नाही केला. अजून आठलाच पंच करते.