पत्र्याच्या शेडचा दर चौरस फुटावर ठरवताय? मग हे वाचा

फॅब्रिकेशनमधली फसवणूक म्हटलं की इसार घेऊन गायब झालेला माणूस डोळ्यासमोर येतो. आमचा माणूस गायब झाला नाही. वेळेवर यायचा, आल्याआल्या पोरांवर ओरडायचा, चहा घ्यायचा, आणि कबूल केलेल्या तारखेच्या आत त्यानं शेड उभं करून दिलं. गावात त्याचं कौतुकही झालं. चोरी होती ती पाइपच्या पोटात आणि पत्र्याच्या जाडीत. एकदा रंग मारला की तिकडं कुणी बघत नाही.

मी टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर करून घेतली आहे. आत झोपायची सोय, छोटा ओटा, छतावर एसी आणि सोलर प्लेटा. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून डोक्यात होतं. गाडी मीच चालवतो, कुटुंबांना कास, कोयना, कोकण फिरवून आणतो आणि घर त्यावर चालतं. गाडी उभी असते ढालगावच्या बाजूला, आमच्या माळावर. सांगलीचं नाव काढलं की लोकांना ऊस आणि कृष्णा आठवते. कवठेमहांकाळ, जत, आटपाडीकडं या म्हणजे कळेल. पाऊस बेताचा, झाड औषधाला, आणि एप्रिलमध्ये दुपारी गाडीच्या पत्र्याला हात लावून दाखवा. अशा उन्हात कॅम्परचं पहिलं नुकसान होतं छताच्या सांध्यांत. फायबर आणि पत्रा कमीजास्त ताणले जातात, सीलंट तडकतो आणि पावसाळ्यात पाणी थेट गादीवर. टायरला बाजूनं भेगा पडतात. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं बॅटरीवाले सांगतात, आणि बंद गाडीत तेवढं तापमान सकाळी अकरालाच होतं. म्हणून शेड.

दोघातिघांकडून दर काढले. दोघांनी किलोवर सांगितला, म्हणजे लोखंड जेवढं लागेल तेवढं आणि त्यावर मजुरी. तिसऱ्यानं, म्हणजे ह्यानं, चौरस फुटावर: २६० रुपये फूट, सगळं धरून. १६ बाय २६ चं शेड, ४१६ फूट, म्हणजे एक लाख आठ हजार आणि वर १८ टक्के जीएसटी. ऐकायला सरळ वाटतं, कारण आपल्याला फूट मोजता येतात. किलोवाल्याचा आकडा आधी कळत नाही, म्हणून तोच फसवेल असं वाटतं. खरं तर किलोचा दर असला तर फॅब्रिकेटर जास्त लोखंड घालायला बघतो. चौरस फुटाचा असला तर काढलेला प्रत्येक किलो त्याच्या खिशात जातो.

त्याची बोलणी करायची पद्धत सांगतो, कारण ह्याच पद्धतीनं तो पुढंही गिऱ्हाईक पटवणार. पिशवीतून दोन तुकडे काढून त्यानं आमच्या अण्णांच्या हातात दिले. एक पाइपचा, दोन इंची चौकोनी, १४ गेजचा (गेज म्हणजे जाडीचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढा माल पातळ). दुसरा पत्र्याचा, निळा, पॉइंट पन्नासचा, म्हणजे अर्धा एमएम जाड. अण्णांनी पत्रा वाकवून बघितला, वाकला नाही.

"अण्णा, हे बघा, ह्योच माल बसणार. हत्ती बांधला तरी हलायचं नाय."

"वारं लई असतंय आमच्याकडं. पवनचक्क्या उगंच उभ्या केल्यात का?"

"म्हणून तर खांब तीन इंची घेतोय ना, तीन एमएमचा. अन् फाउंडेशन तीन फूट. तुम्ही नुसतं गाडी लावा."

हे सगळं कोटेशनवर आलं ते असं: "हेवी क्वालिटी पाइप व कलर पत्रा". गेज नाही, मिलिमीटर नाही, कंपनीचं नाव नाही. मी लिहून मागितलं तर म्हणाला, "दादा, तुकडा तुमच्याकडंच ठेवा की, त्याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला?" तुकडा आजही घरात आहे. तो उत्तम आहे. शेडला बसलेल्या मालाशी त्याचा काही संबंध नाही.

पैसे तीन हप्त्यांत ठरले: सुरुवातीला, माल पडल्यावर आणि काम झाल्यावर. माल पडल्याचा फोटो त्यानं व्हॉट्सॲपवर पाठवला. जागेवर माल आला तो दुसऱ्या दिवशी, रेड ऑक्साइड (गंज धरू नये म्हणून मारतात तो लाल रंग) मारलेला, मापात कापलेला आणि काही ठिकाणी जोडलेलासुद्धा. इथं थांबून सांगतो. कच्चा पाइप वीस फुटी येतो आणि त्याचं तोंड उघडं असतं, जाडी दिसते. वर्कशॉपमधून तोंडाला टोपी वेल्ड करून, रंग मारून आला की आतलं काही दिसत नाही. फोटोतला माल आणि आलेला माल एकच होता का, हे फोटोवरून कुणी सांगू शकत नाही. फोटोत बांधकामाची एक भिंत होती, आमच्या माळावर भिंतच नाही.

खड्डे आणि काँक्रीटचं काम त्यानं नेमकं आमच्या घरचे सगळे पाहुण्यांच्या लग्नाला मिरजेला गेलेले असताना उरकलं. परत आलो तर सहा खांब ओळंब्यात उभे, आणि प्रत्येकाच्या बुडाला दीड फुटी चौकोनी कट्टा, वरून गुळगुळीत गिलावा. बघणाऱ्याला वाटावं खाली केवढं काँक्रीट असेल. नंतर आणखी आठ हजार घेऊन त्यानं पश्चिमेची बाजू पत्र्यानं बंद केली, "दुपारचं ऊन आत यायला नको."

वळवाचा पहिला पाऊस आला त्या संध्याकाळी पावसाआधी धूळ उठली. वारा उघड्या बाजूनं आत शिरला, त्या पश्चिमेच्या पत्र्यावर आदळला आणि त्याला जायला वाट फक्त वर होती. पत्रे आधी फडफडले, मग एक कोपरा उचलला गेला आणि दोन खांब बुडाच्या काँक्रीटसकट दात उपटावा तसे जमिनीतून वर आले. उरलेलं शेड तिरकं होऊन गाडीवर बसलं. एसीचं वरचं कव्हर फुटलं, दोन सोलर प्लेटा तडकल्या, छताला एक लांब चर पडली. गाडीत आणि जवळ कुणी नव्हतं.

वर आलेलं काँक्रीट बघायला सगळा गाव आला. दीड फुटी कट्टा हा नुसत्या विटा आणि गिलावा होता, तो तिथंच गळून पडला. खाली खांबाला चिकटलेला गोळा फूटभर रुंद, फूटभर खोल. खांबाला बेस प्लेट नाही, आडवी सळई नाही; पाइप तसाच आत खुपसलेला.

त्यानं फोनवर पहिलं वाक्य टाकलं, "निसर्गापुढं कुणाचं चालतंय दादा?" त्याला उत्तर म्हणून मी हिशेब मांडला, तो इथं देतो. वाऱ्याचा दाब काढायचं साधं सूत्र आहे: वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ नं गुणायचं. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येतं. ताशी ९० किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला २५ मीटर. दाब ३७५ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ३८ किलो. आमचं छप्पर साधारण ३८ चौरस मीटर. ढोबळमानानं दीड टन ताकदीनं ते वर ओढलं जाणार. एक घनफूट काँक्रीट भरतं ६८ किलो. त्यानं घातलेले सहा गोळे मिळून चारशे किलो आणि शेडचं वजन पाचशेच्या आत. दीड टनापुढं नऊशे किलो काय धरणार? तेच वरून दिसत होतं तसं दीड बाय दीड फूट आणि कबूल केल्याप्रमाणं तीन फूट खोल घातलं असतं तर एकेका खांबाखाली साडेचारशेच्या वर आणि सहा मिळून पावणेतीन टन झालं असतं. निसर्ग काही नवीन करायला आला नव्हता. वारा ह्या माळावर दरवर्षी येतो.

शेडचं वजन पाचशेच्या आत हे कसं कळलं? पडलेलं सगळं कापून ट्रॉलीत घातलं आणि वजनकाट्यावर नेलं. भरलेल्या ट्रॉलीची पावती, रिकामीची पावती, फरक ४८० किलो. कबूल केलेल्या मालानं ते साडेसातशेच्या घरात जायला हवं होतं. कापलेल्या तोंडाला जाडी मोजायचा कॅलिपर लावला: आडवे पाइप १४ गेजचे म्हणजे दोन एमएमचे ठरले होते, निघाले १८ गेजचे, १.२ एमएम. खांबाची जाडी तीन एमएमच्या जागी दोन. पत्रा रंगासकट पॉइंट पन्नास भरायला हवा, तो पॉइंट पस्तीस. चांगल्या कंपनीच्या पत्र्याच्या पाठीवर नाव आणि जाडी छापलेली असते. आमच्या पत्र्यांच्या पाठीवर त्या जागी पुसट निळसर ओरखडे होते. थिनरचं फडकं फिरवलेलं. एका पत्र्यावर मात्र घाईत अर्धी ओळ राहून गेली होती, आणि त्यात जाडीचा आकडा शाबूत होता.

ट्रसचे, म्हणजे छपराखालच्या सांगाड्याचे, सांधे तर बघवत नव्हते. चार बाजूंनी वेल्डिंग करायच्या जागी दोन टाके, वर लांबी (पुट्टी) भरून ग्राइंडर मारलेला आणि त्यावर रंग. कोयत्याच्या पाठीनं ठोकल्यावर लांबीचे पापुद्रे निघाले.

हे सगळं आधी ओळखता येतं, आणि त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. भंगारवाल्याकडं असतो तो स्प्रिंगचा काटा घ्या. दोन इंची चौकोनी वीस फुटी पाइप १४ गेजचा असेल तर १८ किलोच्या आसपास भरतो, १८ गेजचा असेल तर ११. एवढा फरक नुसत्या हातालाही कळतो. दहा फुटी पत्रा पॉइंट पन्नासचा साडेचौदा किलोच्या आसपास, पॉइंट पस्तीसचा दहा. माल कच्चा, न रंगवलेला, तोंड उघडं असताना जागेवर उतरवून घ्यायचा आणि दुसरा हप्ता काट्याची पावती हातात आल्यावर द्यायचा. फोटोवर नाही. खड्डे भरायच्या आधी टेप लावून त्यांचा फोटो तुम्ही काढायचा. ह्या अटीला जो फॅब्रिकेटर कुरकुर करेल त्याचा दर कितीही कमी असू द्या, त्याला काम देऊ नका.

जीएसटीचं प्रकरण वेगळंच. १८ टक्के त्यानं रोख घेतले आणि साध्या छापील पावतीवर नंबर टाकून दिला. जीएसटीचा नंबर पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो. इथपर्यंत बरोबर होतं. पण जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो टाकला तर नाव दुसऱ्याच दुकानाचं, आणि नोंदणी रद्द झालेली. हे तपासायला मोबाइलवर मिनिटभर लागतं, पैसे लागत नाहीत. कंपोझिशन योजनेतला (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) व्यापारी असेल तरी त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे जवळजवळ वीस हजार सरकारच्या नावानं त्याच्याकडंच.

गाडीच्या विम्यातून छताचं काम निघालं, वादळाचं नुकसान पॉलिसीत बसतं. सोलर प्लेटांचे पैसे मिळाले नाहीत, कारण नंतर बसवलेल्या वस्तू पॉलिसीत वेगळ्या नोंदवून त्यांचा हप्ता भरावा लागतो. कॅम्परवाल्यांनी आपापली पॉलिसी काढून बघा.

पोलिसांत गेलो तर "काम तर करून दिलंय, हा दिवाणी मामला" हे उत्तर. फसवणुकीचं कलम, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. पण सुरुवातीपासून फसवायचाच हेतू होता हे दाखवावं लागतं. तरी लेखी अर्ज देऊन पोच घेतली. तलाठ्यांचा पंचनामा आधीच झालेला होता, तो जोडला.

खरा उपयोग झाला जिल्हा ग्राहक आयोगाचा. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि दोन वर्षांच्या आत दाखल करायची असते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला होता, तिथून त्याला विचारणा गेली, त्यानं दाद दिली नाही. त्याच्या वकिलांचा पहिला मुद्दा असा की गाडी भाड्यानं जाते, म्हणजे धंदा, म्हणजे तक्रारदार ग्राहकच नाही. २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला यातून सूट आहे. गाडी मीच चालवतो, ड्रायव्हर ठेवलेला नाही, हे लायसन्स आणि बुकिंगच्या नोंदींवरून दाखवलं. दुसरा मुद्दा, कापलेले तुकडे आमच्याच शेडचे कशावरून? इथं पंचनाम्यात पंचांसमोर कापून, सह्या घेऊन, सुतळीनं बांधून ठेवलेले तुकडे कामाला आले. सगळं भंगारात घालायची घाई केली असती तर हात चोळत बसलो असतो.

आता नवीन शेड किलोवर बांधून झालंय, पश्चिमेला पत्र्याऐवजी ग्रीन नेट आहे. आणि गेल्या आठवड्यात त्या पहिल्या फॅब्रिकेटरचे मेहुणे घरी येऊन गेले. तीस हजार रोख घ्या आणि तक्रार मागं घ्या, असा निरोप होता. अण्णांनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "पाव्हणं, पैसे खात्यावर पाठवा, अन् काय ते आयोगासमोर लिहून द्या. मग बोलू." अजून खात्यावर काही आलेलं नाही.