हिरवी खूण आणि वगळलेला सी ड्राइव्ह: डिफेंडर व स्टीम, वर्षभराच्या वापरानंतर

आमच्या घरच्या संगणकात सुमारे तीन महिने व्हायरस होता, आणि त्या सबंध काळात पडद्याच्या कोपऱ्यातील ढालीवर हिरवी खूण होती. ढाल खोटे बोलत नव्हती. जिथे पाहू नकोस असे तिला सांगून ठेवले होते तिथे ती पाहत नव्हती, एवढेच. ती ढाल ज्याची, तो विंडोजसोबत विनामूल्य मिळणारा अँटिव्हायरस मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आणि गेम घेण्यासाठी व अद्ययावत ठेवण्यासाठी आम्ही वापरत असलेले स्टीम, या दोहोंचे हे परीक्षण त्या प्रकरणानंतरच्या एका वर्षाच्या वापरावर आधारलेले आहे.

संगणक २०१९ साली जोडून घेतलेला आहे. आठव्या पिढीचा इंटेल आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीचा एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, आणि १ टीबीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत कर सल्लागार म्हणून काम करतो, त्यामुळे दिवसा या संगणकावर पक्षकारांची जीएसटी विवरणपत्रे भरली जातात आणि संध्याकाळी शाळेत जाणारा मुलगा त्यावरच गेम खेळतो. एकाच यंत्रावर ही दोन कामे ऐकून जाणकारांच्या कपाळावर आठ्या पडतील, आणि त्या रास्त आहेत. पण मध्यमवर्गीय घरात दुसरा संगणक सहज येत नाही.

२०२४ च्या दिवाळीत संगणक मंद झाला म्हणून शहरातील एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण त्यांनी जे केले ते करणारे ते एकटेच नसावेत. त्यांनी विंडोज नव्याने टाकून दिले, बिल माफक केले, आणि संगणक परत देताना तिथला मुलगा सहज म्हणाला, "सर, अँटिव्हायरस सारखा मधे मधे करतोय, त्याला गप करून ठेवलंय." मला ते सौजन्य वाटले. प्रत्यक्षात टाकलेले विंडोज विनापरवाना होते, ते चालू ठेवणारे अवैध ॲक्टिव्हेटर डिफेंडर पुन्हा पुन्हा उचलून बाजूला ठेवत होता, आणि त्यावर उपाय म्हणून विंडोज आणि बहुतेक प्रोग्राम जिथे असतात तो अख्खा सी ड्राइव्ह डिफेंडरच्या 'एक्सक्लुजन्स' यादीत, म्हणजे तपासणीतून वगळायच्या जागांच्या यादीत, टाकलेला होता. दाराला कुलूप तसेच ठेवून भिंत काढून टाकावी तसा हा प्रकार.

त्यानंतर मुलाने शिकवणीतल्या मित्राच्या पेनड्राइव्हवरून एका शर्यतीच्या गेमची क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेली चोरटी प्रत आणली. खरा घोळ मूळ प्रतीने नव्हे, तिच्या 'अपडेट'ने केला असावा, असे आता सगळे जुळवून पाहताना वाटते. अधिकृत गेम स्वतःहून अद्ययावत होतो. क्रॅक केलेल्या प्रतीला ती सोय नसते, कारण कंपनीचे नवे अपडेट बसवले की जुना क्रॅक निकामी होतो आणि नव्या आवृत्तीसाठी नवा क्रॅक शोधावा लागतो. म्हणजे प्रत्येक अपडेटसोबत अनोळखी हातांनी बनवलेली एक नवी एक्झी, म्हणजे प्रोग्राम चालवणारी, फाइल घरात येते, आणि सोबतच्या मजकूर-फाइलमध्ये बहुधा पहिलीच सूचना अँटिव्हायरस बंद करण्याची असते. मुलाच्या फोल्डरमधील फाइलमध्येही ती होती, ठळक अक्षरांत. आमच्याकडे मात्र ती पाळण्याचीही गरज उरलेली नव्हती.

फेब्रुवारीत पंखा घोंघावू लागला. काही उघडलेले नसतानाही संगणकाचे कॅबिनेट गरम लागायचे, गेम अडखळायचे, आणि मी ग्राफिक्स कार्डाच्या किमती विचारायला लागलो होतो. एके संध्याकाळी मुलगाच म्हणाला, "पप्पा, टास्क मॅनेजर उघडला की पंखा गप होतोय बघा. बंद केला की परत सुरू." टास्क मॅनेजर म्हणजे संगणकावर कोणते प्रोग्राम चालू आहेत ते दाखवणारी विंडोजची खिडकी. आम्ही दोघांनी ते चार-पाच वेळा करून पाहिले. ती खिडकी उघडली की शांतता, मिटली की अर्ध्या मिनिटात घोंघाट. आपल्या प्रोसेसरवर परस्पर आभासी चलनाची गणिते करून घेणारे छुपे प्रोग्राम, ज्यांना मायनर म्हणतात, त्यांची ही ओळखीची सवय आहे. कोणी पाहायला आले की ते थांबतात. त्यानंतर वगळलेल्या जागांची यादी मी उघडली, आणि तिथे एकच ओळ होती, सी ड्राइव्हची.

ती ओळ काढून 'ऑफलाइन स्कॅन' चालवले. या सोयीचे मला मनापासून कौतुक वाटते. संगणक पुन्हा सुरू होतो, पण नेहमीचे विंडोज चालू होण्याआधीच वेगळ्या, मर्यादित वातावरणात तपासणी होते, त्यामुळे विंडोजसोबत जागा होऊन लपणारा व्हायरस त्या वेळी निजलेलाच सापडतो. साधारण १५ मिनिटांचे काम आहे. नंतर 'प्रोटेक्शन हिस्टरी'त 'हॅकटूल' आणि 'ट्रोजन' या दोन्ही नावांच्या नोंदी दिसल्या. पहिली दुकानाची, दुसरी बहुधा पेनड्राइव्हची. एवढ्यावर समाधान मानता आले असते, पण ज्या यंत्रावर पक्षकारांचे पासवर्ड टाकले जातात त्यावर 'बहुधा साफ झाले' हे पुरेसे नव्हते. म्हणून दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरूनच ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज ११ उतरवून घेतले, एसएसडी पूर्ण पुसून ते टाकले आणि परवाना विकत घेतला. परवान्याची रक्कम कमी नव्हती. पासवर्ड बदलण्याचे काम संगणक साफ होण्याची वाट न पाहता आधीच फोनवरून केले होते आणि सर्व खात्यांतून सगळीकडून लॉग-आउट केले होते, कारण ब्राउझरमध्ये साठलेली लॉगिनची कुकी, म्हणजे आपण आधीच आत आलो आहोत हे सांगणारी खूण, चोरली गेली असेल, तर नुसता पासवर्ड बदलून प्रत्येक वेळी भागत नाही.

आता मूळ विषयाकडे. वर्षभराच्या वापरानंतर डिफेंडरबद्दल माझे मत असे आहे की घरच्या वापरासाठी तो पुरेसा आहे, मात्र त्याला कोणी गप केले नाही तर. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो विंडोजचाच भाग आहे. सुरुवातीची त्याची ख्याती यथातथाच होती, पण एव्ही-टेस्ट या जर्मन संस्थेच्या चाचण्यांत गेली काही वर्षे तो वरच्या गुणांत बसतो आहे. व्हायरस ओळखण्याच्या नव्या खुणा दिवसातून अनेकदा उतरतात, त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. 'टॅम्पर प्रोटेक्शन' ही कळ चालू असेल, तर एखादा प्रोग्राम परस्पर डिफेंडरची मुख्य राखण बंद करू शकत नाही; अर्थात प्रशासकाचा पासवर्ड हाती असलेला माणूस ती कळच बंद करू शकतो.

त्याची दुर्बळ बाजू इंटरनेट नसताना दिसते. ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थेच्या चाचण्यांत हे वारंवार आढळले आहे, की संपर्क तुटलेला असताना डिफेंडरची व्हायरस ओळखण्याची क्षमता लक्षणीय घटते, कारण संशयास्पद फाइलबाबतचा मोठा निवाडा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर होतो. कोल्हापुरात ही बाब केवळ कागदोपत्री राहत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराने संपर्क तुटण्याचा अनुभव घेतला आहे, आणि नेमके अशाच दिवसांत, करमणुकीला दुसरे काही नसताना, घरोघरी पेनड्राइव्ह फिरतात. त्यामुळे नेट बंद असताना बाहेरचा पेनड्राइव्ह लावायचा नाही, असा आमच्या घरी आता नियम आहे.

दुसरी गोष्ट 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'ची. खंडणी मागणारे व्हायरस फाइली कुलूपबंद करतात, त्यांच्याविरुद्धची ही तटबंदी आहे. ती मुळात बंद असते आणि आपण चालू करायची असते. चालू केली की डॉक्युमेंट्स वगैरे फोल्डरमध्ये अपरिचित प्रोग्रामला लिहिता येत नाही. अडचण अशी की अनेक गेम आपली प्रगती, म्हणजे सेव्ह, नेमकी डॉक्युमेंट्समध्येच ठेवतात, आणि मग गेमलाही मज्जाव होतो. आमच्याकडे मुलाची दोन तासांची शर्यत जतन झाली नाही तेव्हा घरात जे वातावरण झाले ते येथे लिहिण्यासारखे नाही. गेमच्या एक्झी फाइलला त्याच पानावरून एकदा परवानगी दिली की प्रश्न सुटतो. पक्षकारांच्या फाइलींसाठी मी ही तटबंदी कायम ठेवली आहे. तरीही दर शनिवारी त्यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतो आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवतो, कारण जोडलेल्या अवस्थेतील डिस्कवरील प्रतही व्हायरसच्या हाती लागू शकते.

पैसे देऊन घ्यायच्या अँटिव्हायरसचा विचार केला नाही असे नाही. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणाऱ्या कैलास काटकर यांची पुण्यातील कंपनी आणि तिचा क्विक हील हे आपल्याकडे इतके रुजले आहेत, की संगणक घेताना ती पेटी सोबत घ्यायचीच असते असे अनेकांना वाटते. अशा उत्पादनांत बँकेच्या व्यवहारांसाठी वेगळी सुरक्षित खिडकी, पालकांचे नियंत्रण यांसारख्या सोयी एका जागी मिळतात, आणि ज्यांना त्या हव्या आहेत त्यांनी ते जरूर घ्यावे. माझी गरज तेवढी नव्हती. मात्र मुदत संपलेला अँटिव्हायरस नूतनीकरण न करता संगणकावर तसाच पडू देणे टाळावे. शिवाय केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर, २०१७ पासून, व्हायरस काढण्याची साधने विनामूल्य मिळतात. त्यातले एक मी दुसरे मत म्हणून चालवून पाहिले.

स्टीमबद्दल अधिक लिहायला हवे, कारण घरातील व्हायरसचा प्रश्न माझ्या मते डिफेंडरने निम्मा आणि स्टीमने निम्मा सोडवला. २०१५ पासून तिथे रुपयांत किंमत भरता येते, आणि सवलतीच्या दिवसांत जुने चांगले गेम एका कुटुंबाच्या मिसळीच्या बिलात मिळून जातात. गेम पसंत पडला नाही, तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास पैसे परत मागता येतात. क्रॅक शोधण्यामागचे 'आधी बघू तरी' हे निम्मे कारण तिथेच संपते.

अपडेटच्या बाबतीत त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. बदललेला भागच उतरवला जातो, पूर्ण गेम नव्हे. तरीही अपडेट लहान असून वेळ फार का लागतो, असे मुलगा विचारायचा. उत्तर डाउनलोडच्या आलेखातच असते. इंटरनेटची रेषा लवकर शांत होते आणि डिस्कची मात्र चालू राहते, कारण उतरवलेले तुकडे मोठ्या फाइलींत बसवण्यासाठी त्या फाइली नव्याने लिहाव्या लागतात. हार्ड डिस्कवर हे काम बैलगाडीच्या गतीने होते, एसएसडीवर पाहता पाहता संपते. यासाठी डिस्कवर मोकळी जागाही लागते, म्हणून एसएसडी काठोकाठ भरू देऊ नये.

अपडेटची वेळ ठरवून देता येते. मी ती पहाटे ५ ते ७ अशी ठेवली आहे. रंकाळ्यावर फिरायला निघताना संगणक सुरू करून जातो आणि परत येईपर्यंत काम झालेले असते. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधी, विवरणपत्रांची घाई असते तेव्हा, डाउनलोडच्या वेगावर मर्यादा घालतो. पावसाळ्यात वीज मधेच गेली तर राहिलेले अपडेट तिथूनच पुढे सुरू होते, आणि गेम तरीही बिघडला, तर त्याच्या गुणधर्मांत फाइलींची अखंडता तपासण्याची कळ आहे. ती प्रत्येक फाइल ताडून फक्त खराब तेवढी पुन्हा उतरवते. पूर्वी अशा वेळी आम्ही गेम काढून पुन्हा टाकत असू. दोन संगणक एकाच वायफायवर असतील, तर २०२३ पासून एकाकडील गेम दुसऱ्याकडे थेट पाठवता येतो. सुट्टीत सांगलीहून भाचा आपला संगणक घेऊन आला, तेव्हा याचा मोठा उपयोग झाला, आणि पेनड्राइव्हही लागला नाही.

असे असले तरी स्टीमवर आहे म्हणजे निर्धोक, असे समजू नये. आम्ही संगणक साफ करत होतो त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, 'पायरेटफाय' नावाचा गेम व्हायरस आढळल्याने तिथून काढण्यात आला, आणि तो खेळलेल्यांना संपूर्ण तपासणी करण्याचा, गरज वाटल्यास विंडोजच नव्याने टाकण्याचा सल्ला देण्यात आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'ब्लॉकब्लास्टर्स' या गेमच्या बाबतीत तर मूळ गेम नव्हे, नंतरचे अपडेटच विषारी निघाले. दोन्ही अपरिचित निर्मात्यांचे विनामूल्य गेम होते. म्हणून स्टीमच्या फोल्डरला तपासणीतून वगळा, गेम जलद चालतील, असा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मी मानलेला नाही. वगळण्याची यादी आमच्याकडे आता रिकामी आहे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ती उघडून पाहतो.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी एक खुलासा. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी केल्यास घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. जोडून घेतलेल्या अनेक संगणकांत टीपीएमची सोय असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असते. आमच्याकडेही ती बंदच होती. तेव्हा यंत्र जुने झाले असे दुकानात ऐकून नवे घेण्याआधी तेवढे पाहावे.

मुलाचे खाते आता साधे आहे, प्रशासकाचे नाही. स्टीमवरील गेम अपडेट होताना सहसा पासवर्ड मागत नाहीत, त्यामुळे त्याचे अडत नाही. गेल्या महिन्यात मी कार्यालयात असताना त्याचा फोन आला, की मित्राने दिलेले एक 'मॉड', म्हणजे गेममध्ये बदल करणारी जोड, पासवर्ड विचारते आहे, सांगू का. मी विचारले, सोबतच्या फाइलमध्ये पहिली ओळ काय आहे? थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "राहू दे पप्पा, डिलीट करतो."