विहिरीत डिझेल गेलं असेल तर आधी तारीख शोधा (वकील ऑफिस, म्हापसा) – 4 स्टार

म्हापसा कोर्टापासून चालत जाता येतं असं छोटं ऑफिस आहे, वकिलांना न विचारता नाव टाकत नाही. शेजारच्या वर्कशॉपच्या टाकीतलं डिझेल आमच्या विहिरीत झिरपलं. 2021 च्या मिरगाचा पहिला पाऊस पडला आणि कळशी वर काढली तर पाण्यावर रंगीत तवंग, आईने वास घेतला आणि तिथल्या तिथे कळशी ओतून टाकली. नंतर तीनदा उपसा केला, गाळ काढला, रोज टँकर, सगळं धरून 4 लाख 20 हजार गेले.

मी नेटवर वाचलं होतं की सफाई पूर्ण झाल्यावर खर्चासाठी दावा करायचा, म्हणून निवांत पावत्या जमवत बसलो आणि 2025 च्या जानेवारीत या वकिलांकडे गेलो. त्यांनी फाईल उघडलीच नाही. "भाऊ, पावत्यो मागीर पळोवया, पयलो वास केन्ना आयिल्लो तें सांगात." (पावत्या नंतर बघू, पहिला वास कधी आला ते सांगा.) मी वाचलेला कायदा अमेरिकेचा निघाला, तिथे तातडीच्या सफाईचा खर्च मागायला काम पूर्ण झाल्यापासून 3 वर्षं आणि कायमस्वरूपी उपायांसाठी जागेवर काम सुरू झाल्यापासून 6 वर्षं मिळतात. आपल्याकडे 2010 च्या राष्ट्रीय हरित लवाद (पर्यावरणाच्या दाव्यांसाठीचं खास न्यायालय) कायद्यात मुदत मोजायची ती दाव्याचं कारण पहिल्यांदा घडलं त्या दिवसापासून. कलम 14 खाली वाद न्यायचा तर 6 महिने, ते माझे कधीच गेले होते. भरपाई आणि जागा पूर्ववत करून मागायला कलम 15 आहे, तिथे 5 वर्षं. त्यानंतर सबळ कारण असेल तरच जास्तीत जास्त 60 दिवस, बस्स. नवीन टँकर आला म्हणून नवीन तारीख मिळेल या भरवशावर राहू नका असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, जवळपास दीड वर्ष हातात होतं म्हणून वाचलो.

फी आधीच कागदावर लिहून दिली. लवादाची फी मागितलेल्या भरपाईच्या 1 टक्का, म्हणजे माझी 4,200 रुपये. अर्ज पुण्याच्या खंडपीठाकडे गेला, ऑनलाइन त्यांनीच भरला. निकाल अजून यायचाय पण ज्या माणसाने पहिला प्रश्न बरोबर विचारला त्याच्यावर माझा विश्वास बसलाय.

एक स्टार कापला कारण दुपारी एक ते चार फोन कोणीच घेत नाही आणि अपॉइंटमेंट असूनही पहिल्या दिवशी दोन तास बसवलं, सोबत आई होती, तिचे गुडघे दुखतात.

जाणार असाल तर प्रदूषण मंडळाला दिलेल्या तक्रारीची शिक्का मारलेली प्रत आणि पाण्याचा पहिला लॅब रिपोर्ट न्या. पावत्यांच्या झेरॉक्स आजच काढा, माझ्या पंप भाड्याच्या दोन बिलांवरची शाई इतकी उडाली होती की तारीख उजेडात धरूनही दिसेना.