रिपोर्टिंग रूममधली खुर्ची की घरचा लॅपटॉप?

मेडिकलला प्रवेश मिळण्याआधीच ज्यांचं रेडिओलॉजी (एक्स-रे, सीटीसारख्या चित्रांवरून आजार ओळखण्याची शाखा) पक्कं ठरलेलं असतं, अशा मुलांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. हाताशी थोडे महिने आहेत, तर रिपोर्टिंग रूममध्ये, म्हणजे स्कॅन वाचून रिपोर्ट दिला जातो त्या खोलीत, एखाद्या रेडिओलॉजिस्टच्या शेजारी जाऊन बसावं की घरीच स्कॅन उघडून शिकावं? प्रवेश परीक्षेचा अभ्यास सांभाळून दोन्हीला पुरेसा वेळ मिळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. मी आधी घरचा मार्ग धरला, नंतर खुर्ची मिळाली. आज रेडिओलॉजीतच शिकतो आहे, तेव्हा दोन्हींचं मला काय उपयोगी पडलं ते लिहितो.

घरच्या मार्गाचं मला मनापासून कौतुक आहे. होरोस किंवा थ्रीडी स्लायसरसारखं स्कॅन बघायचं मोफत सॉफ्टवेअर आणि नावगाव काढून टाकलेले स्कॅन एवढ्यावर काम सुरू होतं. छातीचा सीटी पहिल्यांदा उघडला तेव्हा फुप्फुसांच्या जागी मला दोन काळे खड्डे दिसले. मग विंडो बदलली आणि त्याच काळ्यातून झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या वर आल्या. चित्र तेच होतं, फक्त आकड्यांचा कोणता पट्टा राखाडी छटांमध्ये पसरायचा ते बदललं होतं. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १०० ही सीटीतल्या घनतेची हाउन्सफील्ड मोजपट्टी मी पाठ केली नाही. माऊस ओढता ओढता ती अंगवळणी पडली. हे समजायला कोणाच्या शेजारी बसावं लागत नाही. उलट एकट्याने, हवा तेवढा वेळ घेऊन केलं तर जास्त चांगलं समजतं.

शरीररचनेचंही तसंच. व्हिजिबल ह्यूमन प्रोजेक्ट या अमेरिकी प्रकल्पातल्या पुरुषदेहाचे एक-एक मिलिमीटरवर घेतलेले रंगीत छेद १९९४ पासून उपलब्ध आहेत, त्याच देहाचे सीटी आणि एमआरआयही आहेत. रंगीत छेद आणि सीटी शेजारी-शेजारी ठेवून बघा. सीटीचा आडवा छेद रुग्णाच्या पायांकडून पाहिल्यासारखा मांडलेला असतो, म्हणून यकृत पडद्यावर डावीकडे दिसतं. हे नुसतं वाचून डोक्यात बसत नाही, वीस-पंचवीस स्कॅन बघितले की बसतं.

मग घरी अडलं कुठे? शिकण्यासाठी मांडलेल्या प्रत्येक केसमध्ये आजार असतोच, तिथे.

ऐकायला ही किरकोळ तक्रार वाटेल, पण माझा निर्णय हिच्यामुळेच फिरला. उंच, सडपातळ तरुण, अचानक छातीत दुखलं, दम लागला, एवढी ओळ वाचली की एक्स-रे उघडण्याआधी माझ्या तोंडून ‘न्यूमोथोरॅक्स’ (फुप्फुसाभोवती हवा साठणं) निघायचं. उत्तर बरोबर यायचं आणि मी खूश व्हायचो. दोनेक महिन्यांनी लक्षात आलं की मी चित्र वाचतच नाहीये, प्रश्न वाचतोय. म्हणून स्क्रीनच्या वरच्या भागावर कागदाची पट्टी चिकटवली, म्हणजे माहितीची ओळ दिसू नये. थोडा फरक पडला. पण निवडून दिलेल्या दोन-चार छेदांपैकी एकात काहीतरी आहे, हे तर ठाऊकच होतं! मग अखंड स्कॅन घ्यायला लागलो. कॅन्सर इमेजिंग आर्काइव्हसारख्या संग्रहात ते भरपूर आहेत, पण तिथले संग्रह बहुधा आजार किंवा अवयवानुसार लावलेले असतात. फुप्फुसाच्या संग्रहात डोळा आधी फुप्फुसातच गाठ शोधतो. ‘इथे काही आहे का?’ हा प्रश्न मला घरी एकदाही खऱ्या अर्थाने पडला नाही. रेडिओलॉजिस्टला मात्र दिवसभर तोच पडत असतो.

याच सुमारास ओळखीतून एका रिपोर्टिंग रूममध्ये आठवड्यातून एक सकाळ बसायची परवानगी मिळाली. अंधारी खोली, दोन मॉनिटर, समोर रेडिओलॉजिस्ट मॅडम, मागे माझी खुर्ची. पहिल्याच सकाळी पोटाच्या सीटीत मोठ्या रक्तवाहिनीशेजारी मला एक पांढरा गोल ठिपका दिसला. धीर करून विचारलं, “मॅडम, ही गाठ आहे का?” त्यांनी माऊसचं चाक दोन घरं वर, दोन घरं खाली फिरवलं. ठिपका सरकला, लांबला, मोठ्या वाहिनीला जाऊन मिळाला. “गोल दिसलं म्हणून लगेच गाठ म्हणू नकोस. आधी वरखाली करून बघ, नळी होते का.” एवढंच बोलून त्या पुढे गेल्या. यकृत, पित्ताशय, प्लीहा, स्वादुपिंड, मूत्रपिंडं, आतडी, हाडं आणि शेवटी फुप्फुसांचे पोटाच्या स्कॅनमध्ये येणारे तळ. सगळं बघून झाल्यावर डिक्टेट केलं: नॉर्मल.

तो ‘नॉर्मल’ मला फार मोठा वाटला. त्या सकाळी असे बरेच स्कॅन झाले आणि प्रत्येकाला आजारी स्कॅनइतकाच वेळ लागत होता. नॉर्मल आतडं किती तऱ्हांनी नॉर्मल असू शकतं, हे घरच्या केसेसनी मला कधी दाखवलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली. एका रुग्णाच्या मूत्रवाहिनीत खडा सापडला. दुखण्याचं कारण मिळालं, मला वाटलं काम झालं. मॅडम मात्र ठरल्या क्रमाने शेवटच्या हाडापर्यंत गेल्या. एक सापडलं की नजर सैल पडते, हा या पेशातला जुना, ओळखीचा धोका आहे. एकच गोष्ट शोधताना दुसरी डोळ्यांसमोरून निसटते, हा त्याचाच भाऊ. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात छातीच्या सीटीमध्ये गोरिलाचं चित्र मिसळलं होतं, नेहमीच्या गाठीच्या सुमारे ४८ पट मोठं. फुप्फुसातल्या गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टपैकी २० जणांना ते दिसलं नाही, आणि त्यातल्या बहुतेकांची नजर नेमकी त्या जागेवरून गेली होती. अनुभवी माणसांचं असं होतं, तर मेडिकलच्याही आधी स्वतःला ‘शोध आणि पुढे चल’ अशी सवय लावून घेणं मला धोक्याचं वाटतं. घरी मी नकळत तेच करत होतो.

खुर्चीत त्रास नाहीत असं नाही. सगळ्यात मोठा त्रास म्हणजे चाक दुसऱ्याच्या हातात असतं. स्वादुपिंड कुठे संपलं हे शोधेपर्यंत स्कॅन कमरेच्या हाडांवर पोचलेला असतो. ‘थांबा’ म्हणता येत नाही, म्हणूही नये, कारण तिकडे फोनवर एखादा सर्जन रिपोर्टची वाट बघत असतो. कामाचा ताण असलेल्या दिवशी तीन तासांत कोणी तुमच्याशी अक्षरही बोलणार नाही. शिवाय हे रुग्णांचे खरे स्कॅन असतात, त्यामुळे वहीत नाव, वय, तारीख यातलं काही लिहायचं नाही आणि फोटो तर नाहीच. एमआरआयच्या खोलीत कोणी बोलावलं तरी आधी खिसे रिकामे करा. स्कॅन चालू नसला तरी तिथलं चुंबक चालूच असतं.

ज्यांना खुर्ची मिळणारच नाही, त्यांनी हिरमुसू नये. ज्यांचा ओढा भौतिकशास्त्राकडे आहे, त्यांना कदाचित घरचाच मार्ग मानवेल. सीटीसाठी १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या दोघांत हाउन्सफील्ड इंजिनियर होते आणि कॉरमॅक भौतिकशास्त्रज्ञ. प्रोग्रॅमिंग येत असेल तर तेही वाया जात नाही. फक्त मशीन सगळं वाचणार या भीतीने घाईघाईत तिकडे वळू नका. रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं, असं एआय क्षेत्रातले नावाजलेले शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते. रिपोर्टिंग रूममधल्या खुर्च्या आजही भरलेल्या आहेत.

तरीही कोणी मला एकच निवडायला सांगितलं, तर मी खुर्ची म्हणेन. तुमचा स्वभाव वेगळा असेल तर निवडही वेगळी ठरू शकते, पण घरी शिकलेलं बरंचसं मेडिकलमध्ये पुन्हा शिकायला मिळालं. नॉर्मल स्कॅनसमोर शांतपणे शेवटपर्यंत बसणं मात्र पुढे मुद्दाम कोणी शिकवलं नाही. जायच्या आधी तीन-चार आठवडे घरी छेद बघून घ्या, नाहीतर पहिल्या काही सकाळी काहीच उमगणार नाही.

आणि चाकाचं म्हणाल तर त्यावर एक उपाय मला सापडला. सकाळचं काम आटोपल्यावर मी रिपोर्ट होऊन गेलेला एखादा स्कॅन मागायचो, रिपोर्ट न वाचता. मॅडम माऊस माझ्याकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, “यकृतापासून सुरू कर. मोठ्याने बोल.” ती दहा मिनिटं मिळतील का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.