कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर दीड वर्ष वापरल्यावर

आमच्या वाचनालयात आधी विकतचं सॉफ्टवेअर होतं, दरवर्षी एएमसी (देखभालीचे वर्षाचे पैसे) भरायची आणि गप्प बसायचं. एका वर्षी अनुदान उशिरा आलं, एएमसी थकली, आणि त्या कंपनीने आमच्याच साडेअकरा हजार पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये काढून द्यायला वेगळे पैसे मागितले. दाखल क्रमांक आम्ही घातलेले, नावं आम्ही टाइप केलेली, मग डेटा त्यांचा कसा काय? तेव्हाच ठरवलं, आता ओपन सोर्सच, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं, आणि कोहा घेतलं.

कोहा न्यूझीलंडचं. होरोव्हेनुआ भागातल्या वाचनालयांचं जुनं सॉफ्टवेअर 2000 सालाच्या तारखा पेलणारं नव्हतं म्हणून 1999 मध्ये हे लिहून घेतलं आणि जानेवारी 2000 ला चालूसुद्धा केलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. लायसन्स जीपीएल (कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं अशी परवानगी), त्यामुळे सॉफ्टवेअरचा एक पैसा लागत नाही. देवघेव, सभासद, नियतकालिकं, खरेदी, वाचकांसाठी ऑनलाइन कॅटलॉग, सगळं आहे. आम्ही डेबियन (विंडोजच्या जागी चालणारं एक लिनक्स) टाकून ऑफिसातल्याच एका पीसीवर चढवलं.

आता मराठीचं सांगतो, कारण आपल्याकडे सगळं तिथेच अडतं. पहिले दोन आठवडे देवनागरीत सर्च केलं की भलतंच काहीतरी यायचं, मला वाटलं फसलो. मग कळलं की झेब्रा नावाचं जे इंडेक्सिंग (सर्चसाठी शब्दांची सूची बनवणारा भाग) असतं त्यात आयसीयू (देवनागरीसारख्या लिपी नीट ओळखणारी सोय) चालू करून सगळं परत इंडेक्स करायला लागतं. केलं आणि सर्च सरळ झाला. पण ऱ्हस्व-दीर्घ त्याने सुटत नाही, जुन्या छपाईत 'भक्ति' असतं आणि वाचक 'भक्ती' टाइप करतो, पुस्तक कपाटात असून सापडत नाही!! त्यावर आमचा उपाय असा की 245 मध्ये (मार्क या नोंदीच्या ठरलेल्या साच्यातला शीर्षकाचा रकाना) पुस्तकावर छापलंय तसंच नाव ठेवायचं आणि 246 मध्ये (शीर्षकाच्या दुसऱ्या रूपाचा रकाना) आजच्या लेखनाचं टाकायचं. वेळ जातो, पण आजोबा रिकाम्या हाताने परत जात नाहीत.

झेड 39.50 (दुसऱ्या ग्रंथालयातल्या नोंदी शोधून आणायची पद्धत) वरून अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची तयार नोंद खेचता येते, इंग्रजी पुस्तकांना मस्तच. मराठी पुस्तकांच्या नोंदी बहुतेक रोमन लिपीत येतात, शीर्षक-लेखक परत देवनागरीत टाइप करावेच लागतात, आणि जुन्या पुस्तकांना आयएसबीएनच (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) नाही तर शोधणार कशावर.

एक्सेलमधल्या यादीच्या मार्क नोंदी करायला मार्कएडिट हे सॉफ्टवेअर वापरलं. पहिल्या वेळी बारकोडचा कॉलम चुकला, 952 मध्ये (प्रत्येक प्रतीची माहिती असते तो रकाना) बारकोडच्या जागी किंमत जाऊन बसली, पोटात गोळा आला होता. पण कोहात इम्पोर्ट केलेली बॅच मागे घेता येते, दहा मिनिटांत साफ. हे मला फार आवडलं.

अडचण एकच पण मोठी आहे, लिनक्स कळणारा माणूस हाताशी पाहिजे. आमच्याकडे एका सभासदाचा मुलगा येतो, त्याला आम्ही रीतसर मानधन देतो, फुकट राबवत नाही. आणि रोजचा बॅकअप त्याच मशीनवर पडतो, डिस्क गेली की दोन्ही गेलं, म्हणून रोज संध्याकाळी दिवे मालवायच्या आधी तो बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या.

एव्हरग्रीन हे असंच दुसरं सॉफ्टवेअर पण बघितलं होतं, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या वाचनालयांच्या जाळ्यासाठी 2006 मध्ये आलेलं. चांगलं आहे पण ते पुष्कळ शाखांना. एका वाचनालयाला कोहाच घ्या, आणि आधी दोनशे पुस्तकं टाकून महिनाभर देवघेव करून बघा, जुनं रजिस्टर तोवर बंद करू नका.