दारूच्या किमान किमतीचा स्कॉटलंडमधला नियम: काउंटरच्या या बाजूने रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, ५ पैकी ३.५. रिव्ह्यू कुठल्या दुकानाचा किंवा ब्रँडचा नाहीये, स्कॉटलंडमधल्या दारूच्या किमान किमतीच्या नियमाचा आहे, इथे ज्याला सगळे मिनिमम युनिट प्राइसिंग म्हणतात. मी ग्लासगोत एका छोट्या कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये काउंटरवर काम करते त्यामुळे हा नियम मला रोज हाताळावा लागतो, आणि लोकांच्या प्रतिक्रिया म्हणाल तर त्या सगळ्यात आधी आम्हालाच ऐकायला मिळतात, त्याही एकदम मोकळ्या शब्दांत.

नियम तसा सोपाय. १० मिली शुद्ध अल्कोहोल म्हणजे १ युनिट, आणि एका युनिटला जो दर ठरलाय त्याच्या खाली दारू विकायची नाही, मग ते मोठं सुपरमार्केट असो, आमच्यासारखं कोपऱ्यावरचं दुकान असो की पब. १ मे २०१८ ला सुरू झाला तेव्हा दर ५० पेन्स होता (१०० पेन्स म्हणजे १ पौंड), ३० सप्टेंबर २०२४ पासून ६५ पेन्स झाला. कायदा खरं तर २०१२ चाच पण स्कॉच व्हिस्की असोसिएशन कोर्टात गेली, केस युरोपच्या कोर्टापर्यंत जाऊन आली आणि शेवटी नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने नियम योग्य ठरवला. इतकी वर्षं कोर्टात गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रत्यक्षात काय फरक पडला ते बघायचं तर स्ट्राँग सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, ३ लिटरची बाटली घ्या. प्लास्टिकची, हातात धरली की जड लागते, ७.५ टक्क्यांची. मागच्या लेबलवर छोट्या चौकटीत युनिट छापलेले असतात, २२.५. इथले डॉक्टर आठवड्याला १४ च्या वर जाऊ नका म्हणतात आणि या एका बाटलीत त्याच्या दीडपटीहून जास्त माल. नियम यायच्या आधी ही बाटली साडेतीन-चार पौंडांत मिळायची! हो, एवढ्यात. ५० पेन्सच्या हिशोबाने ती थेट ११.२५ पौंडांवर गेली आणि आता ६५ पेन्सने १४.६३. साहजिकच एवढे पैसे देऊन ती कोण घेणार, त्यामुळे ती मोठी बाटली बहुतेक दुकानांच्या शेल्फवरून गायबच झाली, आमच्याकडे पण त्या जागी आता लहान बाटल्या आणि कॅन असतात. नियमाला खरं तर हीच बाटली मारायची होती आणि ते काम त्याने चोख केलं, माझे पहिले दोन स्टार इथेच.

बाकीच्या मालाला किती झळ लागली? ७०० मिलीची ४० टक्क्यांची व्हिस्की किंवा व्होडका म्हणजे २८ युनिट, आधी १४ पौंडांच्या खाली विकता यायची नाही, आता १८.२० च्या खाली नाही. साडेबारा टक्क्यांची वाइनची बाटली ४.६९ वरून ६.०९. पण ज्यांची नेहमीची वाइन आठ-नऊ पौंडांची आहे त्यांना काही कळलंच नाही. पबमध्ये तर विषयच नाही, ४ टक्क्यांच्या बिअरच्या पाइंटची (५६८ मिलीचा मोठा ग्लास) किमान किंमत आजही दीड पौंडाच्या आत बसते आणि त्या भावात बिअर देणारा पब मी तरी पाहिला नाही.

आता प्रतिक्रिया. ६५ पेन्स लागू व्हायच्या आदल्या रात्री दुकान बंद झाल्यावर मी आणि मालक प्राइस टॅग बदलत बसलो होतो, एकेका कॅनचे युनिट बघायचे, गुणायचे, खाली गेलेला टॅग काढून नवीन लावायचा, कारण एक जरी चुकला आणि तपासणीत सापडला तर लायसन्सवर येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला विक्री सुरू झाली (त्याच्या आधी इथे दुकानातून दारू विकताच येत नाही) आणि पहिल्याच गिऱ्हाइकाने चार कॅनचा पॅक काउंटरवर ठेवून विचारलं, सरकारने पुन्हा टॅक्स वाढवला का? ५ टक्क्यांचे ४४० मिलीचे चार कॅन, काल ४.४० ला दिले होते आज ५.७२. मी सांगितलं टॅक्स नाही, किमान किंमत आहे. मग हे वरचे पैसे जातात कुठे, त्यांचा पुढचा प्रश्न. प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याच्यावर मी खाली येणारच आहे.

विरोध करणाऱ्यांचा सगळ्यात मोठा राग मी जेवढा ऐकलाय तो असा की चार लोक प्रमाणाबाहेर पितात म्हणून शनिवारी दोन कॅन घेणाऱ्या माणसाने का भरायचं. दुसरा राग त्याहून खोल आहे, की ज्यांचा खिसा लहान त्यांनाच हे लागतं, मोठ्या घरातल्या महागड्या जिनला कोणी हात लावला नाही. पेन्शनवर राहणाऱ्या एक आजी आहेत, दर शुक्रवारी स्वस्तातली शेरी घ्यायच्या, त्यांनी मला शांतपणे सांगितलं की माझ्या आयुष्यात आता एवढीच एक चैन उरलीये आणि ती पण सरकारला खुपली. मला त्यांना उत्तर देता आलं नाही आणि द्यायचंही नव्हतं, त्यांचं म्हणणं खरंय, किमतीचा नियम माणूस बघत नाही, बाटली बघतो.

आणि दुसऱ्या बाजूचे लोकही येतात, फक्त ते मोठ्याने बोलत नाहीत. भावाला लिव्हरच्या आजाराने गमावलेल्या एका बाई म्हणाल्या की पाण्याच्या भावात हे मिळत नसतं तर कदाचित तो इतका खोल गेला नसता. त्यांच्यासारख्यांना कोणी माइक देत नाही म्हणून पब्लिक सगळं विरोधातच आहे असं वाटत राहतं.

सीमेपलीकडे जाऊन आणतील लोक, हेही खूप बोललं गेलं. इंग्लंडमध्ये असा नियम नाही त्यामुळे बॉर्डरजवळचे लोक कार्लाइल किंवा बेरिककडे गाडी काढून जातात हे खरंय, पण ग्लासगोतून तेवढ्यासाठी पेट्रोल जाळायला फार कोणी तयार नसतं, आणि अभ्यासातही असं दिसलं नाही की सगळा देश तिकडे धावला. आयर्लंडने ४ जानेवारी २०२२ पासून असाच नियम आणला, तिथे एका ग्रॅम अल्कोहोलला किमान १० सेंट, तिथले लोक उत्तर आयर्लंडात न्यूरीला खरेदीला जातात म्हणून तिकडेही हीच ओरड. वेल्सने २ मार्च २०२० पासून ५० पेन्स लावले. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीने ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू केला होता पण पुढे सरकार बदललं आणि नियम काढून टाकला, त्यामुळे एकदा आला म्हणजे कायमचा राहील असं कोणी धरून चालू नये.

मग फायदा झाला का? पब्लिक हेल्थ स्कॉटलंड या इथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा शेवटचा मोठा रिपोर्ट जून २०२३ मध्ये आला, त्यांनी इंग्लंडशी तुलना करून काढलं की निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू नियम नसता तर जेवढे झाले असते त्यापेक्षा अंदाजे १३.४ टक्के कमी झाले, विक्री साधारण ३ टक्के घटली, आणि सगळ्यात जास्त फायदा गरीब वस्त्यांमध्ये दिसला. यावर लोक म्हणतात की २०२३ मध्ये स्कॉटलंडमध्ये दारूने १,२७७ माणसं गेली, २००८ नंतरचा सगळ्यात वाईट आकडा, मग कसला फायदा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात बघा. कोविडच्या काळात घरात बसून पिणं वाढलं, त्याने इंग्लंडमध्येही मृत्यू वाढले, तर नियम नसता तर इथे किती गेले असते असा प्रश्न विचारायला हवा आणि वाद घालताना तोच कोणी विचारत नाही. १३ टक्के म्हणजे कोणाचा तरी बाप, कोणाची तरी बहीण आज घरी आहे. माझा तिसरा स्टार याला.

पण ज्यांना खरंच व्यसन लागलंय त्यांच्या बाबतीत नियम कमी पडतो, त्याच संस्थेच्या अभ्यासातही हेच आलंय, की अशा लोकांचं पिणं कमी झाल्याचे पुरावे फारसे नाहीत आणि पैशाची ओढाताण असलेल्यांपैकी काहींनी खाण्यापिण्यात काटकसर करून दारू घेतली. हे मी डोळ्यांनी बघितलंय. एक गृहस्थ नेमाने सकाळी दहाला दारात उभे असायचे, आधी सायडर घ्यायचे, ती परवडेना झाली तशी छोटी व्होडका घ्यायला लागले, कारण युनिटचा भाव एकच झाल्यावर स्ट्राँग माल घेणं सोयीचं पडतं. आधी बाटलीबरोबर ब्रेड, बीन्सचा डबा, कधी दूध असायचं, मग नुसती बाटली. मी एकदा विचारलं की डॉक्टरांकडे जाता का, तर म्हणाले नाव नोंदवलंय, अजून बोलावणं नाही आलं. किंमत वाढवायला एक दिवस लागतो आणि उपचाराला माणूस महिनोन् महिने ताटकळतो, हे बरोबर नाही, आणि इथे मी स्टार कापलाय तो अगदी विचार करून.

उरलेला अर्धा कापला तो त्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या प्रश्नासाठी, वरचे पैसे जातात कुठे. टॅक्स असता तर सरकारकडे गेले असते आणि त्यातून क्लिनिक काढा, समुपदेशक नेमा अशी मागणी तरी करता आली असती. किमान किंमतीत वाढलेली रक्कम विकणाऱ्याकडे आणि बनवणाऱ्याकडेच राहते, व्हॅटचा भाग सोडला तर. आमच्या मालकांनी या नियमाला पहिल्यापासून पाठिंबा दिलाय आणि कारण ते लपवत नाहीत, पूर्वी सुपरमार्केटवाले बिअर इतकी स्वस्त लावायचे की छोट्या दुकानाला ती घाऊकमध्येही त्या भावात मिळायची नाही, आता खालची रेघ सगळ्यांना सारखी. ते ठीकच, पण मोठ्या साखळी दुकानांना जो जादा गल्ला मिळतो त्यातला हिस्सा उपचारांसाठी वळवलाच पाहिजे. २०१२ ते २०१५ मध्ये दारू आणि तंबाखू दोन्ही विकणाऱ्या मोठ्या दुकानांवर इथे अधिभार होता, म्हणजे जमत नाही असं नाही. लोकांचा अर्धा राग तिथेच शांत होईल असं मला मनापासून वाटतं, कारण लोकांना पैसे देण्याचा त्रास आहेच पण त्याहून जास्त त्रास ते कोणाच्या घशात जातात याचा आहे.

कायद्यात सहा वर्षांची मुदत घातली होती, तेवढ्यात स्कॉटिश पार्लमेंटने पुन्हा मत दिलं नसतं तर एप्रिल २०२४ च्या शेवटी नियम आपोआप संपला असता. त्यांनी तो चालू ठेवला आणि दरही वाढवला, आणि मला तो निर्णय पटतो, कारण महागाई वाढत गेली आणि ५० पेन्सची धार २०१८ मध्ये होती तेवढी उरली नव्हती.

नवीन राहायला आलेल्यांसाठी कामाचं: टॅगवरच्या किमतीबद्दल शंका आली तर लिटर गुणिले टक्के म्हणजे युनिट, त्याला ०.६५ ने गुणा, त्याच्या खाली कोणी देऊ शकत नाही त्यामुळे काउंटरवर भाव करण्यात अर्थ नाही. दोनवर एक फ्रीसारख्या ऑफर इथे २०११ पासूनच बंद आहेत. ऑनलाइन मागवलं आणि माल इंग्लंडमधून निघाला तर हा नियम लागत नाही, ही पळवाट अजून उघडी आहे आणि ती बुजवायला हवी. आणि घरात कोणाचं पिणं हाताबाहेर चाललं असेल तर जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, आजच नाव नोंदवा, रांग मोठी आहे.