घरच्या हर्ब्सचं किट: बेसिल पास, कोथिंबीर नापास

ऑनलाईन मिळतं ना ते खिडकीत हर्ब्स उगवायचं किट, ते मागवलं होतं. खोका एकदम देखणा, आत पाच छोट्या कुंड्या, कोकोपीटच्या (म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) दाबलेल्या चकत्या, बियांची पाकिटं आणि गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक. हजाराच्या आत येतं. कंपनीचं नाव लिहीत नाहीये. घर परळला, खिडकी पश्चिमेची, म्हणजे दुपारपर्यंत काही नाही आणि मग संध्याकाळपर्यंत कडक ऊन, हे आधीच सांगते कारण सगळा खेळ त्यावरच आहे.

बेसिल मात्र एक नंबर! काळे दाणे ओले झाले की भोवती पांढरट जेली धरते, अहो हा तर फालुद्यातला सब्जाच, जात तीच फक्त वाण इटालियन, पानं मोठी आणि वास गोडसर. आठवड्याभरात उगवलं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, तोही पानांच्या जोडीच्या जरा वरून, मग तिथून दोन फांद्या फुटतात आणि झाड उंच न जाता दाट होतं. खालची मोठी पानं ओरबाडत बसू नका, झाड उघडं पडतं. एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढायचं नाही आणि मंजिऱ्या दिसल्या की लगेच तोडायच्या, नाहीतर पानं कडवट लागतात. पावसाळ्यात पानं वाळवायच्या भानगडीत पडू नका, आपल्या दमट हवेत बुरशी येते, त्यापेक्षा वाटून तेलात कालवून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. पास्त्याला एक वडी टाकली की काम झालं.

बाकीचं काय सांगू. कोथिंबिरीचे धणे अख्खे दिलेत, ते रगडून दोन फाका करून पेरायचे असतात हे पत्रकात कुठेच नाही. शिवाय हिचं सोटमूळ खोल जातं आणि कुंडी बोटभर, त्यात उन्हाळा आला की हातभर वाढून सरळ फुलावर जाते. कोथिंबीर हवी असेल तर पसरट टबात, किराण्यातले धणे, आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. पुदिन्याचं बी देण्यात तर काहीच अर्थ नाही, भाजीवाल्याकडच्या जुडीतल्या जाडसर काड्या खालची पानं काढून ग्लासभर पाण्यात ठेवा, मुळं फुटली की मातीत, पैसे शून्य. पार्सलीला उगवायलाच तीन आठवडे लागतात, धीर असेल त्यांच्यासाठी ठीक. थाईम उगवलं आणि पहिल्या पावसाच्या ओलीत गेलं, भूमध्य समुद्राकडचं कोरड्या हवेतलं झाड ते, जुलैच्या मुंबईत काय करणार?

पत्रक वाचून तर हसूच आलं, फ्रॉस्ट, म्हणजे थंडीत दव गोठायचं, संपल्यावर एप्रिलमध्ये पेरा म्हणे. परळला फ्रॉस्ट! कुठल्यातरी थंड देशातला मजकूर उचलून छापलाय.

आणि एक, कोकोपीटमध्ये खत असं काही नसतंच, आणि किटमध्ये खताची साधी पुडीही नाही. रोपं थोडी मोठी झाली की पिवळी पडायला लागली, मग दादरहून गांडूळखत आणून मिसळलं तेव्हा तरारली. कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं, तेव्हा बोट खुपसून बघितल्याशिवाय पाणी घालू नका.

माझ्याकडून पाचपैकी दोन स्टार, दोन्ही बेसिलचे. फक्त तेच हवं असेल तर नर्सरीतून नुसतं पाकीट घ्या, स्वस्त पडेल. त्याच खिडकीत पानओवा आणि गवती चहा लावलाय, दोन्ही काही न मागता वाढतात, ओव्याच्या पानांची भजी होतात आणि गवती चहा बुडाशी चार बोटं ठेवून कापला की परत येतो.

कंपनीला तक्रारीचा मेल केला होता, उत्तर लवकर आलं हे मान्य, भरपाई म्हणून थाईमचंच दुसरं पाकीट पाठवलं. ते बहिणीला दिलं, ती नाशिकला असते, तिकडे हवा कोरडी आहे.